देशी वेगळं, लोकल वेगळं

दुकानात एखादी वस्तू हातात घेतल्यावर दुकानदार हळूच म्हणाला, "ती लोकल आहे," आणि तुम्ही ती मुकाट्याने खाली ठेवलीत, असं तुमच्या आयुष्यात किती वेळा झालंय?

मला आकडा नको. तुमचा हात कसा मागे आला तेवढं आठवा. वस्तूला काहीतरी घाण चिकटली असावी, तसा. मी तो हात आमच्या पिंपळे गुरवच्या मुख्य रस्त्यावर, एका दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून पाहिलाय. ज्या पिशवीवरून तो मागे आला ती माझ्या आईने शिवली होती. म्हणून हे लिहितेय. शांतपणे लिहीन असं वचन देत नाही.

आमच्या पट्ट्यात 'लोकल' ही शिवी आहे. लोकल चार्जर फुटतो, लोकल ब्रेक लागत नाही, लोकल कुकरची रिंग वाफ सोडते. गॅरेजवाला विचारतो, "ओरिजिनल टाकू का लोकल?" समोरचा माणूस भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये दिवसभर तोच पार्ट घासून आलेला असतो. तोही म्हणतो, "ओरिजिनल टाक, भावा. रिस्क नको." चांगल्या वस्तूला आमच्याकडे 'कंपनीची' म्हणतात. कुठल्या कंपनीची, ते विचारायची पद्धत नाही. पहिल्या शिफ्टच्या बसने अख्खी गल्ली चाकणला जाते, दिवसभर कंपनीचा माल बनवते आणि गेटबाहेर पडली की लोकल होते.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा कारखान्यातल्या युनियनचे कार्यकर्ते होते आणि गेट-मीटिंगच्या उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या कपाटावर असायचे. गुलाबी कागद, पिवळा कागद, बोटांना लागणारी शाई. त्याच कागदाची कव्हरं माझ्या वह्यांना. 'कामगार बंधूंनो' हे मी स्वतःहून वाचलेले पहिले मोठे शब्द, आणि वाचल्यावर मी विचारलं होतं की आई पण कामाला जाते, मग ती यात कुठे आहे? पप्पांनी पुढच्या पत्रकात 'बंधू-भगिनींनो' घातलं. जयंतीला विहाराबाहेर टेबल मांडून पत्रकं वाटायचं काम माझ्याकडे असायचं. कुणी न वाचता खिशात कोंबलं की मी त्याच्या मागे जायची.

आई चाकणला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. कॉन्ट्रॅक्टवर. नवीन मॉडेल आलं, त्याची कव्हरं दुसऱ्या राज्यातून तयार येऊ लागली, आणि आईच्या लाइनवरच्या बायकांना ब्रेक दिला. आमच्याकडे काढून टाकलं असं म्हणत नाहीत, ब्रेक दिला म्हणतात. जणू त्या चहा प्यायला गेल्यात. त्यातल्या आईसकट चौघींनी भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला, चिखलीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे पडलेली जाड शिलाईची मशिनं दुरुस्त करून घेतली आणि डब्याच्या पिशव्या शिवायला लागल्या. ज्या हातांनी सीटची कव्हरं शिवली, त्यांनी शिवलेली पिशवी कशी असेल? बंद ओढून दोन माणसं रस्सीखेच खेळली तरी शिवण उसवायची नाही. आत अस्तराला एक छोटं कापडी लेबल, त्यावर गाळ्याचं नाव आणि पत्ता, मराठीत. पत्ता घाला हा हट्ट पप्पांचा. ते म्हणायचे, "खाली पत्ता नसेल तर ते पत्रक नाही, निनावी चिठ्ठी आहे."

आता त्या दुकानदाराकडे येते. त्याचं नाव मी लिहिणार नाही. वाचेल तेव्हा त्याला कळेल आणि बाजूला बसलेल्यांनाही कळेल, तेवढं मला पुरे.

सगळे त्याला अण्णा म्हणत. गावातलं जुनं घर, इमारत स्वतःची, खाली दुकान. बॅगा, छत्र्या, रेनकोट, शाळेचं सामान. आमच्या भागातल्या कारखान्यांत आधी स्थानिकांना घ्या, बाहेरच्यांना नको, अशा मोर्चात तो पहिल्या रांगेत असायचा आणि त्याचा हात जोडलेला फोटो चौकातल्या फ्लेक्सवर. मग टीव्हीवर परदेशी मालावर बहिष्काराच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा त्याने दुकानावर तिरंगी बोर्ड लावला: 'येथे फक्त स्वदेशी माल मिळेल.' आई तो बोर्ड वाचूनच आत शिरली. मी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन तिच्या मागे.

अण्णाने पिशवी उलटी केली, सुलटी केली, चेन चारपाच वेळा पुढेमागे ओढली, बंदात पाय अडकवून वर खेचली.

"माल चांगला हाय," तो म्हणाला. "कंपनी कंची?"

"आमचीच. भोसरीला गाळा आहे," आई म्हणाली.

"म्हंजी लोकल."

"भोसरी म्हणजे लोकलच की, अण्णा. इथून हाकेवर," आई हसली. तिला ते कौतुक वाटलं.

"ताई, लोकल आमी न्हाई ठिवत. गिऱ्हाईक हात लावत न्हाई."

मी बोर्डाकडे बोट केलं. "वर देशी लिहिलंय ना?"

तो माझ्याकडे बघून इतक्या मायेने हसला की आजही आठवलं तरी दात आवळले जातात.

"बाळा, देशी वेगळं, लोकल वेगळं. देशी म्हंजी ज्याची टीव्हीवर जाहिरात येती त्ये. लोकल म्हंजी..." त्याने पिशवी दोन बोटांत धरून आईसमोर ठेवली. "ह्ये."

गाळ्याची पहिली मोठी ऑर्डर तिथूनच मिळणार असं आई धरून चालली होती. ती पिशव्या परत भरायला लागली तेव्हा अण्णा म्हणाला, "एक करता येईल. लेबल काढून द्या. लेबल मी लावतो."

घरी यावर रणकंदन झालं. मी म्हणाले, अजिबात नाही. आई म्हणाली, "तुला लेबल दिसतंय. मला चार मशिनं दिसतायत, बंद पडलेली." तिच्या बरोबरच्या बायकांनी आपापल्या घरच्यांशी भांडून गाळ्यात पैसे टाकले होते. लेबल निघालं.

अण्णाच्या लेबलवर इंग्रजी वळणाचं एक नाव होतं, ज्याचा उच्चार त्याला स्वतःलाही यायचा नाही, आणि नावाच्या शेजारी छोटासा झेंडा. पिशव्या खपल्या. मी मुद्दाम दुकानात जाऊन उभी राहायची आणि ऐकायची. "कंपनीची हाय. देशी कंपनी. घ्या डोळं झाकून." लोक डोळे झाकून घ्यायचे.

एक दिवस आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तीच पिशवी घेऊन वर आल्या. आईच्या पुढ्यात नाचवत म्हणाल्या, "बघा वहिनी, याला म्हणतात शिलाई! कंपनीची आहे. तुमच्या गाळ्यात जमेल का असं?"

आई म्हणाली, "बघते प्रयत्न करून."

काकू गेल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. स्वतःच्या हाताची शिवण परक्या नावाने कौतुकाला येते आणि तुम्ही ओळख देऊ शकत नाही, यात हसण्यासारखं काय आहे, मला आजही कळलेलं नाही.

पावसाळा सरत आला आणि अण्णाची ऑर्डर थांबली. पहिल्यांदा म्हणाला, माल पडून आहे. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. दुकानात मात्र पिशव्या टांगलेल्या होत्या. तेच नाव, तोच झेंडा. मी एक हातात घेतली. कापड पापडासारखं. बंद एकाच शिवणीवर लोंबकळत होते. अण्णाने दुसरीकडून स्वस्तातला माल आणला होता, आणि आमच्या पिशव्यांनी ज्या लेबलला नाव मिळवून दिलं ते लेबल त्याला लावलं होतं.

एवढंच असतं तर मी त्याला धंदेवाईक म्हणून सोडून दिलं असतं. धंद्यात असं चालतं, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि तितक्याच वर्षांपासून त्याचा मला संताप आहे, तरीही. पण पिशव्या फाटायला लागल्या. शिफ्टला निघालेल्या माणसाची पिशवी बसस्टॉपवर तुटली, डबा रस्त्यावर, कालवण चपलांवर. लोक दुकानात भांडायला आले. आणि अण्णाने काय सांगावं?

तेही काकूंकडूनच कळलं. आधीची पिशवी त्यांच्या नवऱ्याला इतकी आवडली होती की मुलासाठीही त्यांनी तसलीच आणली होती. या खेपेला त्या पिशवी नाचवत आल्या नाहीत. दारात उभ्या राहून, नजर चुकवत म्हणाल्या, "वहिनी, अण्णा म्हणतो की हा लॉट भोसरीच्या एका लोकल बाईकडून घेतला होता. म्हणतो, दया आली म्हणून घेतला, आता कंपनी बदलली. ती बाई म्हणजे... तुम्ही ना?"

माल चांगला होता तेव्हा तो कंपनीचा होता. फाटल्यावर तो आईचा झाला.

आईने पिशवी हातात घेतली, शिवण बघितली, घरातल्या मशीनवर बसली आणि तुटलेला बंद दुहेरी शिवणीने लावून द्यायला लागली.

मी ओरडले, "ही आपली नाहीये! तू का शिवतेस?"

"फाटलीय आपल्या नावावर ना," ती म्हणाली. मान वर न करता.

त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. लोक म्हणतात सूड वाईट. ज्यांचं नाव कधी कुणी चोरलं नाही, ते असं म्हणतात.

बातमी भोसरीत पोचायला वेळ लागला नाही. पिशव्या घ्यायचं कबूल केलेल्या निगडीच्या एका दुकानाने फोन उचलणं बंद केलं. चौघींपैकी दोघी पुन्हा चाकणला कॉन्ट्रॅक्टचं काम शोधायला लागल्या. दिवाळीपर्यंत ऑर्डर आली नाही तर गाळा सोडायचा, असं आईने आम्हाला भाजी वाढता वाढता सांगितलं. मशिनांचं काय, असं पप्पांनी विचारलं. ती म्हणाली, "आली तिथेच जातील. भंगारात."

मी पत्रक लिहायला बसले. पहिला खर्डा पप्पांनी वाचला आणि म्हणाले, "शिव्या काढ."

"सगळ्या?"

"सगळ्या. शिव्या वाचून माणूस हसतो आणि कागद खिशात घालतो. आणि हे वर काय लिहिलंयस, 'लोकल घ्या'? अगं, आपल्याकडे हे वाचून लोक म्हणतील, बघा, स्वतःच कबूल करतायत!"

त्यांचं बरोबर होतं. ज्या शब्दाने मारलं तोच शब्द मी ढाल म्हणून धरायला निघाले होते. मी मथळा बदलला: 'ही पिशवी आम्ही शिवली नाही.' खाली जे घडलं ते, जसं घडलं तसं. लेबल कुणी काढायला लावलं, कुणाचं लावलं, नंतर त्याखाली कुठला माल आला. तळाशी गाळ्याचा पत्ता आणि एक ओळ: फाटलेली पिशवी घेऊन रविवारी संध्याकाळी दुकानासमोर या.

कंपनीच्या बसेस थांबतात त्या सगळ्या स्टॉपवर मी ते वाटलं. अर्धवट झोपेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात कागद दिला की ते आधी उलटा धरतात. पण बसमध्ये दुसरं करायला काही नसतं. ते वाचतात. पप्पांनी आयुष्यभर यावरच भिस्त ठेवली होती.

रविवारी मी अण्णाच्या दुकानासमोर फुटपाथच्या रेलिंगला एक दोरी बांधली. आधी कुणीच आलं नाही आणि मी एकटीच मूर्खासारखी उभी. मग काकू आल्या. त्यांचा बंद आईने शिवून दिला होता, तरी त्या पिशवी घेऊन आल्या आणि ती स्वतःच्या हाताने दोरीला टांगली. मग एक युनिफॉर्ममधला माणूस, मग त्याचे दोन दोस्त. दोरी वाकायला लागली. तुटक्या चेनी, लोंबणारे बंद, प्रत्येकीवर तोच झेंडा. रस्त्यावरचे रिक्षावाले वेग कमी करून बघू लागले.

अण्णा बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरची ती माया मला शोधूनही सापडली नाही. खोटं का बोलू, बरं वाटलं.

"पोरी, ह्ये काय लावलंय? तुझ्या आईला उभी मी केली!"

"आडवी पण तुम्हीच केलीत," मी म्हणाले.

"अण्णा," युनिफॉर्मवाला म्हणाला, "देशी आहे म्हणून मी चेन सुद्धा जपून उघडायचो, राव. तरी गेली."

माणसं हसली. अण्णा पेटला. तोवर आई गाळ्यावरून आली होती आणि रिक्षातून उतरत होती. तो थेट तिच्याकडे वळला. "ताई, लई देशी-देशी चाललंय. तुमची चेन कुठली वो? चीनची. चेन चीनची आन् माल देशी! मशीन कुठलं? त्ये बी जपानचं. मग मला कशाला शिकवता?"

हे खरं होतं आणि मला त्याचं उत्तर पत्रकात देता आलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं.

"चेन बाहेरची आहे," आई म्हणाली. "मशीन जपानचं, तेही भंगारातलं. मी कधी झेंडा लावला त्यावर? मी पत्ता लावला होता. चेन गेली तर माणूस पत्त्यावर आला असता, मी बदलून दिली असती. तुमच्या झेंड्याकडे कुणी यायचं?"

कुणीतरी शिट्टी मारली. अण्णा आत गेला. त्या संध्याकाळी त्याच्या दुकानात एकही गिऱ्हाईक चढलं नाही, आणि दोरी सोडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिरंगी बोर्ड आत गेला होता. आठवड्याने अण्णा स्वतः भोसरीच्या गाळ्यात आला. मशिनांकडे बघत उभा राहिला. म्हणाला, झालं गेलं इसरा. दिवाळीची ऑर्डर देतो. लेबल बी तुमचंच ठेवा, पत्त्यासकट.

मी मनातल्या मनात नाही म्हणत होते, पण गाळा आईचा होता. ऑर्डर घेतली असती तर दोघी परत आल्या असत्या, चारही मशिनं चालली असती. आईने हातातल्या पिशवीचा दोरा तोडला आणि मग म्हणाली, "एक लिहून लावा दुकानावर. फाटलेला माल भोसरीच्या बायकांचा नव्हता, एवढंच. मग ऑर्डर द्या."

"आता ऑर्डर देतोय की मी. लिवायचं कशाला?"

"तुम्ही बोललात ते सगळीकडे पोचलं. मग हेही पोचू दे."

"तसं न्हाई जमायचं, ताई. दुकानाची इज्जत हाय."

"मग राहू द्या. आमची पण आहे."

तो गेला. दोघी चाकणला परत गेल्या त्या गेल्याच. दोन मशिनांवर आजही चादर टाकलेली आहे. आई आणि तिची एक मैत्रीण उरल्यात. एका बसमधून आमचं पत्रक आळंदीला गेलं आणि तिथून एक महाराज गाळा शोधत आले. विद्यार्थ्यांच्या पखवाजांना टिकाऊ खोळी हव्या होत्या. सीटची कव्हरं शिवलेल्या बाईला पखवाजाचा आकार म्हणजे खेळ. त्या कामाने गाळा तरला. लेबल आत आहे, पत्त्यासकट. पण पिंपळे गुरवच्या त्या रस्त्यावर आईची एकही पिशवी आज विकायला नाही.

अण्णाचं दुकान चालू आहे. लोक विसरतात, विशेषतः सेल लागला की. आता तिथे वेगळं लेबल आहे आणि बोर्ड परत बाहेर आलाय. लोक मला विचारतात, इथला माल घ्यावा की देशातला, की जो स्वस्त तो? मी म्हणते, देशाचं नाव घेऊन शेजारणीचं नाव पुसणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, मग ते सोन्याचं का असेना. देश काही वरून टपकत नाही. तो भोसरीत, चाकणला, कुणाच्यातरी गाळ्यात बसून शिवला जातो, आणि शिवणारीचं नाव काढून टाकल्यावर उरतो तो नुसता छापलेला झेंडा. आई म्हणते, सोड आता. ती कदाचित त्याला माफ करेल. मी नाही करणार. त्याने ते चार शब्द लिहून लावेपर्यंत नाही.

तुमच्याही गल्लीत असा एक अण्णा आहे. आणि तुमच्या घरात, कपाटावर किंवा पलंगाखाली, त्याच्याकडून घेतलेली चेन तुटलेली, बंद उसवलेली एक पिशवी पडलेली आहे. ती फेकू नका. येत्या रविवारी संध्याकाळी, दुकानात गर्दी असताना, ती नेऊन त्याच्या काउंटरवर ठेवा. पैसे परत मागू नका, बदलून मागू नका. फक्त विचारा, ही कुणी शिवली? आणि मागे उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारा.